काट्यापासून ऊसबिलापर्यंत : आयटी सेवा व्यवस्थापन कारखान्याच्या कामी कसे आणावे

सांगली जिल्ह्यात दसरा-दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्यांचे बॉयलर पेटतात आणि पुढचे चार-पाच महिने तालुकेच्या तालुके ऊस, गाड्या, वजनाचा काटा आणि गव्हाण (गाळपासाठी ऊस टाकतात ती जागा) यांच्याभोवती फिरत राहतात. शेतकऱ्याच्या फडापासून त्याच्या बँकखात्यापर्यंत जी साखळी या काळात चालते, तिची जवळजवळ प्रत्येक कडी आज संगणकावर आहे : ऊसनोंद, तोडणीचा प्रोग्रॅम, चिटबॉयची (शेतावर जाणाऱ्या कारखान्याच्या कर्मचाऱ्याची) चिठ्ठी, भरल्या आणि रिकाम्या गाडीचे वजन, पंधरवड्याचे बिल, त्यातल्या कपाती आणि शेवटी खात्यावर जमा होणारी रक्कम. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस पोहोचल्यापासून १४ दिवसांत रास्त आणि किफायतशीर दराची रक्कम द्यावी लागते, आणि उशीर झाला तर वार्षिक १५ टक्के दराने व्याज द्यावे लागते. म्हणून बिलाचा प्रोग्रॅम दोन दिवस अडला, तर ती अडचण संगणक विभागाच्या खोलीत राहत नाही; ती थेट शेतकऱ्याच्या उंबऱ्यावर जाते.

संगणकावर चालणारी कामे वापरणाऱ्याला ठरल्याप्रमाणे मिळत राहावीत, यासाठीच्या पद्धतीला आयटी सेवा व्यवस्थापन म्हणतात. या लेखात तिच्या चौकटी आणि मानके प्रत्यक्ष कामात कशी आणावीत, हे पायरीपायरीने मांडले आहे. उदाहरण साखर कारखान्याचे घेतले आहे, कारण तिथे संगणकाचा आणि धंद्याचा संबंध उघड्या डोळ्यांनी दिसतो. परंतु कुपवाडच्या फाउंड्रीला, मिरजेच्या रुग्णालयाला किंवा गावातल्या पतसंस्थेला हाच क्रम लागू पडतो.

आधी नावांचा गोंधळ दूर करू

आयटिल ही चौकट १९८० च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटिश सरकारच्या एका संस्थेने तयार केली. सरकारी खात्यांत संगणकांवर पैसा खूप जात होता आणि काम मात्र प्रत्येक जण आपापल्या पद्धतीने करत होता, म्हणून चांगल्या पद्धती एकत्र लिहून काढण्यात आल्या. तिची चौथी आवृत्ती फेब्रुवारी २०१९ मध्ये आली आणि तिच्यात ३४ कार्यपद्धती आहेत. आयटिलची परीक्षा व्यक्ती देते. संस्थेला आयटिलचे प्रमाणपत्र मिळत नाही. संस्थेला प्रमाणपत्र मिळते ते आयएसओ/आयईसी २००००-१ या मानकाचे, जे २००५ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाले आणि ज्याची चालू आवृत्ती २०१८ ची आहे. आयटिल सांगते की काम असे करता येईल. आयएसओ मानक सांगते की एवढे झालेच पाहिजे आणि त्याचा पुरावा दाखवा. तिसरी चौकट कोबिट. तिची सुरुवात १९९६ ची असून ती संचालक मंडळाच्या बाजूने पाहते : पैसा कुठे लावायचा, जोखीम किती घ्यायची, जबाबदार कोण. तिच्या २०१९ च्या आवृत्तीत ४० उद्दिष्टे आहेत. चौथे नाव फिटएसएमचे. युरोपीय महासंघाच्या निधीतून तयार झालेली ही हलकी चौकट मोफत उपलब्ध आहे आणि तिच्यात १४ प्रक्रिया आहेत. पाच-सात माणसांच्या संगणक विभागाने सुरुवात फिटएसएमपासून करावी आणि अडेल तिथे आयटिल उघडून पाहावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

व्यवसाय उत्कृष्टतेची मॉडेले वेगळी; ती फक्त आयटी नव्हे, तर पूर्ण संस्था कशी चालते ते तपासतात. जपानचे डेमिंग पारितोषिक १९५१ पासून दिले जाते, अमेरिकेचा बाल्ड्रिज पुरस्कार १९८७ च्या कायद्याने सुरू झाला, आणि भारतात १९९४ पासूनचा सीआयआय-एक्झिम बँक पुरस्कार ईएफक्यूएम या युरोपीय मॉडेलवर उभा राहिला. ही मॉडेले संस्थेला विचारतात की तुम्हाला कोणता परिणाम हवा होता, त्यासाठी पद्धत कोणती ठरवली, ती सगळीकडे लागू केली का, आणि तपासून सुधारली का. संगणकावर चालणाऱ्या संस्थेला या प्रश्नांची उत्तरे सेवा व्यवस्थापनाच्या नोंदींशिवाय देता येत नाहीत. दोन्हींचा सांधा इथेच आहे आणि खालच्या सगळ्या पायऱ्या तो सांधा पक्का करण्यासाठी आहेत.

पहिली पायरी : सेवांची नावे धंद्याच्या भाषेत लिहा

संगणक विभागाला त्याच्या सेवांची यादी मागितली, तर बहुतेक ठिकाणी सर्व्हर, नेटवर्क, ई-मेल, अँटिव्हायरस आणि प्रिंटर अशी यादी हातात पडते. ही साधनांची यादी आहे. शेती अधिकाऱ्याला सर्व्हर नको असतो. त्याला उद्याचा तोडणी प्रोग्रॅम आज संध्याकाळी गट कार्यालयात हवा असतो. म्हणून यादी अशी लिहावी : ‘ऊसनोंद आणि तोडणी प्रोग्रॅम’, ‘काटा आणि वजनपावती’, ‘पंधरवडा बिल आणि बँकेत रक्कम वर्ग करणे’, ‘साखर विक्री, ई-इनव्हॉइस आणि ई-वे बिल’, ‘कामगार हजेरी आणि पगार’. दहा-बारा नावांच्या पुढे यादी गेली, तर कुठेतरी साधने आत शिरली आहेत असे समजावे.

प्रत्येक नावापुढे चार गोष्टी लिहाव्यात. सेवा कोण वापरतो? ती थांबली तर पहिल्या तासात काय बिघडते आणि पहिल्या दिवसात काय बिघडते? धंद्याच्या बाजूने तिचा धनी कोण, आणि संगणक विभागात जबाबदार कोण? धनी नेमताना शेती, हिशेब, विक्री या खात्यांच्या प्रमुखांना एका टेबलाशी बसवावे आणि त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावे. या बैठकीला दोन दुपारी गेल्या तरी चालेल. ‘पहिल्या तासात काय बिघडते’ या प्रश्नावर खातेप्रमुख जे बोलतात, ते संगणक विभागाने बहुधा पूर्वी कधी ऐकलेलेच नसते. काटा थांबला की गाड्यांची रांग लागते, एवढे सगळ्यांना ठाऊक असते; पण तोडलेला ऊस उन्हात उभा राहिला की त्याचे वजन घटते आणि साखरही घटते, त्यामुळे शेतकऱ्याचे वजनात आणि कारखान्याचे उताऱ्यात (उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणात) नुकसान होते, हे शेती अधिकाऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर काट्याच्या संगणकाकडे पाहण्याची नजर बदलते.

दुसरी पायरी : कोणती सेवा कशावर उभी आहे ते काढा

‘जिथे आहात तिथून सुरुवात करा’ हे आयटिलच्या सात मार्गदर्शक तत्त्वांपैकी एक आहे, आणि नवीन सॉफ्टवेअरच्या कोटेशनआधी ते वाचलेले बरे. प्रत्येक सेवेसाठी एक मोठा कागद घ्या आणि ती चालण्यासाठी लागणारे सारे काही त्यावर रेषांनी जोडा. काट्याच्या बाबतीत लोडसेल (वजन मोजणारे सेन्सर), इंडिकेटर (वजन दाखवणारे यंत्र), काट्याच्या केबिनमधला संगणक, तिथपर्यंत गेलेली केबल, स्विच, सर्व्हर, डेटाबेस, यूपीएस, पावतीचा प्रिंटर, आणि रात्रपाळीचा काटा कारकूनसुद्धा त्या कागदावर आला पाहिजे. यंत्राइतकीच माणसेही सेवेचा भाग असतात. हा कागद भिंतीवर लावावा आणि काही बदलले की त्याच दिवशी त्यावर दुरुस्ती करावी.

तिसरी पायरी : अपेक्षा आकड्यांत बांधा

‘सिस्टीम कायम चालू पाहिजे’ ही अपेक्षा ऐकायला योग्य आणि वागायला निरुपयोगी आहे. ३० दिवसांच्या महिन्यात ७२० तास असतात. ९९ टक्के उपलब्धता म्हणजे ७ तास १२ मिनिटे बंद, ९९.५ टक्के म्हणजे ३ तास ३६ मिनिटे, आणि ९९.९ टक्के म्हणजे सुमारे ४३ मिनिटे. हे आकडे खातेप्रमुखांसमोर ठेवून विचारावे की यातले काय सोसवेल.

समजा कारखाना दिवसाला ५,००० टन गाळतो आणि गाडीमागे सरासरी २० टन ऊस येतो. म्हणजे दिवसाला २५० गाड्या आणि ५०० वजने. गाड्या मात्र सारख्या अंतराने येत नाहीत. फडातून भरून निघालेल्या गाड्या संध्याकाळनंतर एकदम येऊन थडकतात. त्यामुळे तेच साडेतीन तास महिनाभर विखरून आले तर निभावते, पण एकाच संध्याकाळी सलग आले, तर केनयार्डातला वजन झालेला ऊस संपून गिरणी ‘नो केन’ने, म्हणजे ऊस नसल्याने, थांबू शकते. म्हणून काट्याच्या सेवाकरारात, म्हणजे संगणक विभाग आणि खाते यांनी लिहून ठरवलेल्या अपेक्षांत, टक्केवारीबरोबर आणखी एक ओळ हवी : एका वेळी सलग किती मिनिटे बंद राहिले तर चालेल. माझ्या मते ती ओळ टक्केवारीपेक्षाही महत्त्वाची आहे. हंगामातली आणि हंगामाबाहेरची अपेक्षाही वेगवेगळी लिहावी. जूनमध्ये काटा दोन दिवस दुरुस्तीला काढला तरी कोणाचे अडत नाही, पण त्याच महिन्यात ऊसनोंदीचे मोबाइल अॅप बंद पडले तर शेतावर गेलेला चिटबॉय हात हलवत परत येतो.

चौथी पायरी : तक्रारीला एकच दार ठेवा

कोणी आयटीतल्या ओळखीच्या मुलाला फोन करतो, कोणी व्हॉट्सअॅपवर फोटो टाकतो, कोणी कँटीनमध्ये गाठून सांगतो. कामे होतात, पण नोंद राहत नाही. एक फोन क्रमांक, एक साधी तिकीट प्रणाली (प्रत्येक तक्रारीची क्रमांकासह नोंद, म्हणजे तिकीट, ठेवणारी) आणि प्रत्येक पाळीत एक नेमलेली व्यक्ती एवढे सुरुवातीला पुरते. जीएलपीआय किंवा ओएसटिकेट अशी मुक्त सॉफ्टवेअरे या कामाला चांगली आहेत. तेही जमत नसेल, तर रकाने आखलेली वही घ्या.

तिकीट कसे लिहावे, हे मात्र शिकवावे लागते. ‘काटा बंद होता, चालू केला’ या नोंदीतून पुढे काहीही निघत नाही. त्याऐवजी असे लिहावे : ‘काटा क्र. २. रात्री १.४० वाजता भरगाडीचे वजन इंडिकेटरवर दिसत होते, पण पावती सेव्ह होत नव्हती. काटा क्र. १ वरही तेच. सर्व्हर रीस्टार्ट केल्यावर २.०५ ला सुरू. रांगेत १४ गाड्या. कारण समजले नाही.’ शेवटचे तीन शब्द लिहिण्याची मुभा विभागप्रमुखाने स्पष्टपणे द्यावी. ती नसेल तर माणसे कारण रचून लिहितात आणि पुढचा शोध चुकीच्या वाटेला लागतो.

प्राधान्य ठरवताना किती जणांचे अडले आहे आणि किती लवकर सुटले पाहिजे या दोन्ही बाजू पाहाव्यात. साहेबांच्या केबिनमधला प्रिंटर आणि काट्यावरचा प्रिंटर एकाच वेळी बंद पडले, तर आधी कुठे जायचे याचे उत्तर आधीच कागदावर लिहून त्यावर कार्यकारी संचालकांची सही घेतलेली असावी. रात्रपाळीच्या तरुण तंत्रज्ञाला ती सही फार मोठा आधार देते.

पाचवी पायरी : घटना मिटवणे आणि मूळ शोधणे वेगळे ठेवा

माझ्या अनुभवात सर्वाधिक फायदा या पायरीचा होतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. घटना मिटवणे म्हणजे सेवा लवकरात लवकर सुरू करणे. मूळ समस्या शोधणे म्हणजे ती घटना पुन्हा का येते हे काढणे. पहिले काम घाईचे आहे आणि दुसरे सबुरीचे, आणि एकाच माणसाला एकाच वेळी दोन्ही सांगितली तर दुसरे कधीच होत नाही.

जिल्ह्यातल्या एका कारखान्यात मी काम करत असताना एका हंगामात काटा रात्रीचा सात वेळा थांबला. वरच्या नोंदीसारखेच दृश्य असे : वजन दिसते, पावती जतन होत नाही, बाहेर ट्रॅक्टर घरघरत उभे, चालक केबिनच्या खिडकीशी गोळा झालेले, आणि काटा कारकून थंडीतही घामाघूम. आम्ही दर वेळी सर्व्हर रीस्टार्ट करत होतो आणि वीस-पंचवीस मिनिटांत काटा सुरू होत होता, त्यामुळे प्रश्न सुटला असेच सगळे धरून चाललो. हंगामाच्या शेवटी मी वहीतल्या त्या सात नोंदी एका कागदावर तारीखवार उतरवल्या. सगळ्या वेळा रात्री दीड ते दोनच्या दरम्यानच्या होत्या, आणि सगळ्या तारखा महिन्याच्या १-२ आणि १६-१७ या होत्या. म्हणजे पंधरवडा संपल्याच्या रात्री.

पंधरवडा बिलाची आकडेमोड दिवसा कोणाला त्रास नको म्हणून रात्री दीडला लावलेली होती. ती वजनाच्या नोंदींचा तक्ता संपेपर्यंत अडवून ठेवत होती आणि काट्याची पावती त्याच तक्त्यात जाण्यासाठी खोळंबत होती. आम्ही सर्व्हर रीस्टार्ट केला की बिलाची आकडेमोडही अर्धवट तुटायची, म्हणून हिशेब विभाग ती दुसऱ्या रात्री पुन्हा लावायचा आणि काटा दुसऱ्या रात्री पुन्हा थांबायचा. आमचाच उपाय दुसरी घटना घडवत होता आणि शेतकऱ्याचे बिल एक दिवस मागे ढकलत होता. आकडेमोड माहितीच्या प्रतीवर करण्याची व्यवस्था केल्यावर हा त्रास कायमचा गेला. नवीन यंत्र एकही घ्यावे लागले नाही. सात नोंदी शेजारी शेजारी ठेवून पाहणारा अर्धा दिवस तेवढा लागला.

तो अर्धा दिवस वेळापत्रकातच बसवावा. दर पंधरा दिवसांनी एक दुपार, दोन माणसे, फोन दुसऱ्याकडे दिलेला. मागच्या नोंदी वेळ, ठिकाण, पाळी आणि आधल्या दिवशीचे बदल या चार अंगांनी लावून पाहाव्यात. या जिल्ह्यात १९१० साली किर्लोस्करवाडीला लोखंडी नांगरांचा कारखाना उभा राहिला, आणि ओतकामात दोष निघाला तर साचा, वाळू आणि वितळलेला धातू यांपैकी चूक कुठे झाली हे शोधण्याची सवय इथल्या कारागिरांना जुनी आहे. तीच सवय संगणकाच्या खोलीत नेण्यापुरते हे काम आहे.

सहावी पायरी : बदलाला परवानगी आणि परतीची वाट

रोजचे, ठरलेले आणि कमी जोखमीचे बदल एकदाच मंजूर करून ठेवावेत, उदाहरणार्थ नवीन वापरकर्ता जोडणे. त्याहून मोठ्या बदलासाठी एक पानी अर्ज पुरे : काय बदलणार, का, कोणत्या सेवांना झळ लागू शकते, चाचणी कुठे झाली, आणि बिघडले तर मागे कसे येणार. शेवटचा रकाना कोरा असेल तर अर्ज परत द्यावा. तातडीच्या बदलाला फोनवर मंजुरी द्यावी, पण दुसऱ्या दिवशी नोंद झालीच पाहिजे. गाळप सुरू असताना काटा आणि बिल या सेवांत तातडीखेरीज बदल करू नये, आणि पंधरवडा बिलाच्या आदल्या दिवशी तर मुळीच करू नये.

सातवी पायरी : पुरवठादारांशी तोच आकडा बोला

सॉफ्टवेअर पुण्याच्या कंपनीचे, इंटरनेट दुसऱ्याचे, काट्याची देखभाल तिसऱ्याकडे, असे चित्र सर्वत्र असते. काटा सलग ३० मिनिटांपेक्षा जास्त बंद राहणार नाही असे आपण शेती विभागाला सांगितले असेल आणि देखभाल करारात ‘चार तासांत प्रतिसाद’ असे असेल, तर आपला शब्द खोटा पडणार हे गणितच सांगते. करार नूतनीकरणाआधी दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचावेत.

आठवी पायरी : पुराची तयारी

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांवर गेले. धोक्याची पातळी ४५ फूट आहे. जुलै २०२१ मध्ये पुन्हा मोठा पूर आला. त्यामुळे सेवा सातत्य हा विषय आपल्याकडे पुस्तकी राहिलेला नाही. प्रत्येक सेवेसाठी दोन प्रश्नांची उत्तरे हवीत : किती वेळात पुन्हा उभी राहिली पाहिजे, आणि किती वेळाची माहिती गेली तर सोसेल. वजनपावत्यांची एका तासाची माहितीही गेली तर वाद होतात. हजेरीची एका दिवसाची पुन्हा भरता येते. प्रत्येक माहितीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, आणि त्यातली एक पूररेषेबाहेरच्या गावी किंवा क्लाउडवर. सर्व्हरची खोली तळमजल्यावर असेल तर हा विषय पुढच्या संचालक बैठकीत न्यावा. बॅकअप घेतला की काम झाले असे समजू नये. तीन महिन्यांतून एकदा तो दुसऱ्या यंत्रावर उतरवून एक जुनी पावती शोधून काढावी.

सायबर हल्ल्याचाही विचार याच आराखड्यात हवा. सर्ट-इन या केंद्रीय संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार ठरावीक सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवाव्या लागतात आणि लॉग (संगणकांत आपोआप होणाऱ्या नोंदी) १८० दिवस जपून ठेवावे लागतात. रात्री दोनला हल्ला झाला तर कळवणार कोण, त्याचे नाव आराखड्यात असावे.

नववी पायरी : संचालक मंडळापुढे काय ठेवायचे

इथे सेवा व्यवस्थापन उत्कृष्टतेच्या मॉडेलला भिडते. महिन्याला किती तिकिटे मिटवली हा आकडा विभागाच्या उपयोगाचा आहे, मंडळाच्या नव्हे. मंडळापुढे वाहनाचा कारखान्यातला सरासरी थांबा, आयटीमुळे झालेला ‘नो केन’चा वेळ, १४ दिवसांच्या आत गेलेल्या बिलांचे प्रमाण, दुरुस्त कराव्या लागलेल्या वजनपावत्या आणि पुन्हा पुन्हा येणाऱ्या घटनांची संख्या असे आकडे ठेवावेत. प्रत्येकाशेजारी मागच्या हंगामाचा आकडा आणि मधल्या काळात कोणती पद्धत बदलली ते एका ओळीत लिहावे. ईएफक्यूएमचा परीक्षक अशाच जोड्या शोधतो : परिणाम आणि त्यामागची पद्धत. पद्धत न बदलता आकडा सुधारला असेल, तर तो योगायोग असू शकतो, आणि तसे लिहिण्याचा प्रामाणिकपणाही अहवालात असावा.

दहावी पायरी : प्रमाणपत्र घ्यावे का

बाहेरच्या ग्राहकांना आयटी सेवा विकणाऱ्या कंपनीला आयएसओ/आयईसी २००००-१ चे प्रमाणपत्र निविदांसाठी उपयोगी पडते. लेखापरीक्षण दोन टप्प्यांत होते, प्रमाणपत्र साधारणपणे तीन वर्षे चालते आणि दर वर्षी देखरेख तपासणी असते. स्वतःपुरती आयटी चालवणाऱ्या कारखान्याने मानक विकत घेऊन त्यातल्या अटींवर स्वतःची तपासणी करावी. प्रमाणपत्राचा खर्च दोन हंगामांच्या नोंदी हातात आल्यावर ठरवावा. नागरी सहकारी बँकांची गोष्ट वेगळी आहे. त्यांना रिझर्व्ह बँकेच्या ३१ डिसेंबर २०१९ च्या परिपत्रकातली चार स्तरांची सायबर सुरक्षा चौकट पाळावीच लागते, त्यामुळे त्यांनी सेवा व्यवस्थापनाच्या नोंदी त्या चौकटीशी पहिल्या दिवसापासून जुळवून ठेवाव्यात.

वेळापत्रक

गाळप चालू असताना सुरुवात करू नये. मे महिन्यात पहिल्या दोन पायऱ्या, जूनमध्ये सेवाकराराच्या बैठका, जुलैत तक्रारींचे एक दार आणि त्याच वेळी पुराचा आराखडा, कारण तो महिना पाण्याचा आहे. ऑगस्टमध्ये मागच्या हंगामाच्या नोंदींचा अभ्यास, सप्टेंबरमध्ये बदलाची पद्धत आणि पुरवठादारांचे करार. बॉयलर पेटण्याआधीच्या आठवड्यात एक ट्रॅक्टर-ट्रॉली खरोखर काट्यावर आणावी, चिटबॉयने चिठ्ठी फाडावी, भरगाडी आणि रिकाम्या गाडीचे वजन व्हावे, त्या खेपेचे बिल निघावे आणि चाचणीच्या खात्यावर एक रुपया जमा व्हावा. ही खेप चालू असताना मध्येच स्विचची वायर काढावी, आणि रात्रपाळीचा तंत्रज्ञ फोन कुठे करतो, तिकिटात काय लिहितो आणि काटा किती मिनिटांत सुरू होतो, हे शेती अधिकाऱ्यासोबत घड्याळ लावून पाहावे.